पंपावरचं ओलं फडकं

खंबाटकीचा घाट चढताना गाडी पहिल्यांदा अडखळली, तेव्हा मला वाटलं पेट्रोल कमी आहे म्हणून असेल. पुण्याहून साताऱ्याला येत होते. घाटाच्या पायथ्याच्या खंडाळ्याच्या अलीकडेच सीएनजी संपला, किटने आपोआप पेट्रोलवर घेतलं आणि घाटाच्या दुसऱ्या वळणावर गाडीने दम टाकला. ॲक्सिलरेटर खाली दाबला की पुढे जायच्या ऐवजी मागे ओढल्यासारखी वाटायची, थोडा सोडला की सावरायची. मागे ट्रकची रांग होती. दुसऱ्या गिअरमध्ये, डावी बाजू धरून, कशीबशी वर आणली. उतार लागला आणि जणू काही झालंच नव्हतं.

दुसऱ्या दिवशी पाच लिटर पेट्रोल टाकलं आणि अजिंक्यताऱ्याच्या चढावर नेऊन पाहिली. तेच. म्हणजे कारण फक्त कमी पेट्रोल हे नव्हतं. तरी मी आठ-दहा दिवस ढकलले, कारण सीएनजीवर गाडी लोण्यासारखी चालत होती. ते पाच लिटर रोज सकाळी पेट्रोलवर सुरू होण्यात हळूहळू तीनावर आले. मग डिसेंबरातल्या एका सकाळी सेल मारला, इंजिन फिरलं, पण पकडेना. सिलिंडर गॅसने भरलेला आणि गाडी सुरू होत नाही!

इथे एक गोष्ट सांगायला हवी, कारण सीएनजी बसवलेल्या कित्येकांना ती ठाऊक नसते. आपल्याकडे बाहेरून बसवतात त्या सीक्वेन्शियल किटमध्ये गाडी आधी पेट्रोलवर सुरू होते आणि इंजिन थोडं तापलं की गॅसवर जाते. त्यामुळे पेट्रोलचा पंप गेला की भरलेला सिलिंडर असूनही गाडी दारात उभी राहते. किट बसवणाऱ्या मिस्त्रींना फोन केला. ते म्हणाले, "ताई, स्विच दाबून धरा, दिवा लुकलुकला की तसाच धरून सेल मारा." बऱ्याच किटमध्ये ही सोय असते. माझ्या किटमध्ये होती. गाडी थेट गॅसवर पहिल्या झटक्यात सुरू झाली.

मला तेवढ्यावरच निम्मं निदान मिळालं. गॅसवर सुरू होते म्हणजे प्लग, कॉइल, सेन्सर, बॅटरी सगळं ठीक. दोष फक्त पेट्रोलच्या वाटेवर.

माझे वडील, आम्ही त्यांना आप्पा म्हणतो, एसटीच्या वर्कशॉपमधून मेकॅनिक म्हणून निवृत्त झाले. आता शहात्तर वर्षांचे आहेत. आयुष्य डिझेलमध्ये गेलं. त्यांना पेट्रोलच्या आताच्या गाड्या फार माहीत नाहीत, पण दोष शोधायची शिस्त त्यांच्या हाडात आहे. मी पॉलिटेक्निकला इलेक्ट्रिकल केलंय, मल्टिमीटर हातात धरायला लाज वाटत नाही. दोघांनी मिळून हे काम घरच्या अंगणात केलं.

आप्पांनी मला मागच्या सीटवर बसवलं, म्हणाले, "कान लाव. मी चावी देतो." चावी ऑन केली की इंजिन सुरू होण्याआधी पंप दोनेक सेकंद चालतो, पाइपमध्ये दाब तयार करतो आणि थांबतो. सीटखालून एक बारीक सूंऽऽ असा आवाज येतो. रोज गाडी चालवणाऱ्यालाही तो आठवत नाही, पण नाहीसा झाला की लगेच कळतं. आमच्या गाडीत पूर्ण शांतता.

मग एकेक पायरी. फ्यूज पाहिला, चांगला. पंपाचा रिले, म्हणजे त्याला वीज सोडणारा छोटा स्विच, आणि हॉर्नचा रिले एकाच नंबरचे होते, अदलाबदल केली. हॉर्न वाजला, पंप नाही. मागची सीट उचलली, खालचं झाकण काढलं, पंपाच्या तारांचा कपलर सोडवून त्यात मल्टिमीटर लावला. आप्पांनी चावी दिली. 11.9 व्होल्ट, दोन सेकंद, मग शून्य. पुन्हा चावी, पुन्हा तेच. वीज पंपापर्यंत पोचत होती, अर्थिंगही नीट होतं. शेवटचा पुरावा म्हणून कपलर परत लावला, आप्पांनी चावी ऑन केली आणि मी टाकीच्या बुडाला रबरी हातोडीने दोन हलके ठोके दिले. पंप घुर्रर्र करून चालू झाला! मोटारीच्या फिरत्या भागाला वीज पोचवणारे, झिजलेले कार्बन ब्रश ठोक्याने सरकून पुन्हा टेकले. ही युक्ती रस्त्यात अडकल्यावर घरापर्यंत आणते, त्याहून जास्त तिच्यावर विसंबू नये. आमचा पंप त्यानंतर आणखी एकदाच चालला.

अधिकृत सर्व्हिस सेंटरला विचारलं तर त्यांनी पूर्ण असेंब्लीचा आकडा सांगितला, 11,400 रुपये आणि मजुरी वेगळी. असेंब्ली म्हणजे वरची झाकणी, मधला प्लास्टिकचा सांगाडा, पेट्रोलची पातळी मोजणारा फ्लोट, दाब ठरवणारा रेग्युलेटर, खालची जाळी आणि या सगळ्यांच्या मधोमध अंगठ्यापेक्षा थोडी जाड एक मोटार. मेलेली असते बहुधा तेवढी मोटारच. ती वेगळी मिळते.

घरी करायचं ठरवलं ते पैशासाठी जेवढं, तेवढंच आप्पांसाठी. ते स्वतःहून म्हणाले, "आपण करू." निवृत्तीनंतर त्यांनी अवजारांची पेटी क्वचितच उघडली होती.

पण त्याआधी मी दोन अटी घातल्या आणि त्या इथेही लिहिते. पहिली, ज्या गाडीत मागच्या सीटखाली झाकण आहे, तिचंच काम घरी करायचं. काही छोट्या गाड्यांना असं झाकण नसतं, टाकी खाली उतरवावी लागते. ते काम लिफ्ट असलेल्या गॅरेजचं. टाकी उतरवायचा कंटाळा म्हणून सीटखालचा पत्रा ग्राइंडरने कापून खिडकी करणारे लोक मी पाहिलेत. पेट्रोलच्या टाकीवर चार बोटांच्या अंतरावर ग्राइंडरच्या ठिणग्या! कुणी कितीही खात्री दिली तरी आपल्या गाडीला हे करू देऊ नका. दुसरी अट, बंदिस्त पार्किंगमध्ये किंवा बेसमेंटला हे काम नाही. पेट्रोलची वाफ हवेपेक्षा जड असते, ती वर उडून जात नाही, जमिनीवरून पाण्यासारखी पसरते आणि खोलगट जागी साचते. उणे 40 अंशांच्या आसपासही पेट्रोल पेटण्याजोगी वाफ सोडतं, म्हणजे डिसेंबरातल्या साताऱ्याच्या थंडीचा त्याला काही फरक पडत नाही. फक्त उन्हाळ्यापेक्षा वाफ कमी निघते, एवढाच फायदा.

त्यामुळे खरी तयारी पान्यांची नव्हती, विस्तवाची होती. आपल्या घराभोवती किती विस्तव असतो ते त्या दिवशी मोजलं. अंगणात तुळशीपुढे दिवा आणि उदबत्ती. न्हाणीघराबाहेर आंघोळीच्या पाण्याचा बंब. शेजारच्यांच्या बाथरूमला गॅस गीझर, नळ सोडला की भप्पकन पेटणारा, आणि त्याची खिडकी आमच्या अंगणात उघडते. आईला सांगितलं, आज दिवा घरातच, तोही आतल्या देवघरात, अंगणाकडचं दार लावून. ती म्हणाली, "तुळशीला रोज संध्याकाळी दिवा लावते मी. किती दिवस नाही लावायचा?" म्हटलं, टाकी बंद होऊन अंगण मोकळं होईपर्यंत. तिने ऐकलं. बंब आदल्या रात्रीच विझवून राख पाण्याने भिजवली. शेजारच्या काकूंना सांगितलं, दुपारपर्यंत गीझर लावू नका, त्यांनी चुलीवर पाणी तापवायची तयारी दाखवली. मी हात जोडले. चूल तर नकोच! शेवटी त्यांनी आतल्या खोलीत हीटरच्या कांडीवर पाणी तापवलं.

दोन किलोचा पावडरचा अग्निशामक हाताशी ठेवला, पिन कशी ओढायची ते आईलाही दाखवलं. वाळूची बादली. पेट्रोलच्या आगीवर पाणी टाकायचं नाही, हे तिला दोनदा सांगितलं. सुती कपडे घातले, नायलॉन-पॉलिस्टरची ठिणगी नको म्हणून. अंगातली स्थिर वीज उतरावी म्हणून टाकीजवळ जायच्या आधी प्रत्येक वेळी गाडीच्या उघड्या पत्र्याला हात लावायचा. मोबाइल घरात. बॅटरीची निगेटिव्ह तार काढली आणि डिकीत जाऊन सीएनजी सिलिंडरचा हाताने फिरवायचा व्हॉल्व्ह बंद केला. एवढं होईपर्यंत सकाळचे साडेनऊ झाले होते आणि एकही पाना हातात घेतला नव्हता.

सीटखालच्या झाकणाभोवती पंधरा वर्षांची धूळ होती. आप्पांनी रंगाचा जुना ब्रश आणि ओलं फडकं घेऊन ती जागा अशी साफ केली, जशी कोणी ताटाखालची जमीन पुसतं. "टाकी उघडली की ही सगळी माती आत जाणार," म्हणाले. नंतर कुठल्याही व्हिडिओत मला हे काम दिसलं नाही. लोक पटकन टाकीच्या तोंडावर झाकणी आवळून धरणारी रिंग फिरवतात.

पेट्रोलचा पाइप काढताना फडकं गुंडाळून दोन्ही बाजूंच्या खाचा दाबल्या. पंप मेलेला आणि गाडी रात्रभर उभी, म्हणून फार दाब नव्हता, तरी चमचाभर पेट्रोल फडक्यात आलंच. चालू पंपाच्या गाडीत हे काम करायचं तर आधी पंपाचा फ्यूज काढून इंजिन स्वतःहून बंद पडेपर्यंत चालवायचं असतं. नाहीतर पाइप सुटताक्षणी तोंडावर फवारा येतो. बहुतेक छोट्या गाड्यांत हा दाब 3 बारच्या आसपास असतो, टायरच्या हवेच्या भाषेत 43. टायरमध्ये आपण 30-32 भरतो, त्यावरून अंदाज येईल.

प्लास्टिकची मोठी रिंग हाताने हलेना. आप्पांनी सागवानाचा एक ठोकळा आणला आणि रिंगच्या कंगोऱ्याला टेकवून लाकडी हातोडीने टकटक करत उलट दिशेने सैल केली. लोखंडाची छिन्नी लावायचा मोह होतो. लोखंडावर लोखंड म्हणजे ठिणगी. रिंग काढायच्या आधी झाकणीवर आणि टाकीवर खडूने एक सरळ रेघ मारली, परत बसवताना दिशा चुकू नये म्हणून.

झाकणी उचलली तेव्हा वासाचा जो लोट आला, तो विसरणार नाही. आप्पा दोन पावलं मागे झाले आणि मलाही मागे ओढलं. मिनिटभर थांबून मग सांगाडा तिरपा करत, फ्लोटची तार कुठे अडकत नाही ना ते पाहत, हळूहळू बाहेर काढला.

खालची जाळी मी हातात घेऊन पाहिली. नवी जाळी पांढरी असते, पातळ कापडाच्या पिशवीसारखी. ही गडद तपकिरी होती आणि बोटाने दाबली तर शेवाळासारखी बुळबुळीत. एका कोपऱ्यात बारीक लालसर चूर बसला होता. टाकीत उरलेलं तीन लिटर पेट्रोल हातपंपाच्या सायफनने लोखंडी कॅनमध्ये काढलं, तर शेवटच्या घोटाबरोबर तसाच चूर आला. तोंडाने नळी ओढून पेट्रोल काढायची आपल्याकडे सवय आहे. चुकून एक घोट फुप्फुसात गेला तर माणूस दवाखान्यात जातो. दीडशे रुपयांचा हातपंप मिळतो. आणि रिकामी टाकी भरलेल्या टाकीपेक्षा जास्त धोक्याची, हेही लक्षात ठेवायला हवं. एरवी बंद टाकीत पेट्रोलची वाफ इतकी दाट असते की तिला पेटायला पुरेशी हवाच नसते. म्हणून तर ब्रशच्या ठिणग्या पडणारी मोटार पेट्रोलमध्ये बुडवून ठेवता येते. हवेत वाफेचं प्रमाण साधारण दीड ते साडेसात टक्के झालं की ती पेटते. टाकी रिकामी करून उघडी ठेवली की हवा आत जाते आणि मिश्रण नेमकं त्या टप्प्यात येऊ शकतं. आम्ही सांगाड्यातून मोटार आणि जाळी सोडवली आणि उरलेला सांगाडा जुन्या रबरी रिंगसकट लगेच परत बसवून टाकी बंद केली.

कारण आप्पांचा आग्रह होता, "जुना पार्ट हातात घेऊनच दुकानात जायचं." मोटार आणि जाळी दोन दिवस गच्चीवर उघड्या हवेत ठेवली. मंगळवारी रजा काढून आम्ही पुण्याला एसटीने निघालो. आप्पांचं तिकीट फुकट, माझं अर्धं. पिशवीत टाकण्याआधी त्यांनी मोटार नाकाला लावून वास घेतला, पुन्हा घेतला, आणि मगच कागदात गुंडाळली. एसटीत पेट्रोलचा वास असलेली वस्तू न्यायची नाही, हा त्यांच्या नोकरीतला नियम त्यांनी माझ्यासाठीही मोडला नसता.

नाना पेठेत तिसऱ्या दुकानात हवा तो पंप मिळाला. दुकानदारांनी जुना पंप हातात घेतला, फिरवून पाहिला आणि पहिलाच प्रश्न विचारला, "गाडीला सीएनजी आहे का?" मी हो म्हटलं. "टाकीत पेट्रोल किती ठेवता?" मी खरं सांगितलं. दोन-तीन लिटर. रिझर्व्हचा दिवा गेली तीन वर्षं कायम लागलेला. गॅसवर चालते तर पेट्रोल कशाला भरायचं, असा माझा हिशेब.

त्यांनी जे सांगितलं ते मला आधी माहीत असायला हवं होतं. टाकीतला पंप पेट्रोलनेच थंड राहतो. पेट्रोल मोटारीच्या पोटातून, ब्रश आणि गुंडाळीला चाटत वर जातं, तेच तिचं वंगण आणि तेच तिचं कूलंट. आणि बाहेरून बसवलेल्या कित्येक किटमध्ये गाडी गॅसवर चालत असतानाही पेट्रोलचा पंप चालूच असतो. किट फक्त इंजेक्टर बंद करतं. पंप बिचारा तळाशी उरलेलं तेच दोन लिटर पेट्रोल उन्हात तासन्‌तास घुसळत बसतो. ते पेट्रोल तापतं. वळणावर, चढावर ते एका बाजूला जातं आणि जाळी हवेत उघडी पडते. मी सातारा-पुणे अशा कितीतरी फेऱ्या गॅसवर मारल्या होत्या. प्रत्येक फेरीत पंप अडीच-तीन तास असाच भाजत होता.

आप्पा हे सगळं शांतपणे ऐकत होते. मग म्हणाले, "पूर्वी अँबॅसडर, पद्मिनी घाटात तापल्या की आम्ही पंपावर ओलं फडकं टाकायचो." जुन्या कार्ब्युरेटरच्या गाड्यांना पंप इंजिनाच्याच अंगावर असायचा, कॅमवर चालणारा. इंजिन तापलं की पंपातल्या पेट्रोलची वाफ व्हायची आणि पेट्रोल ओढलं जायचं नाही. ओलं फडकं टाकून दहा मिनिटं थांबलं की गाडी परत चालायची. "म्हणजे आता पेट्रोल हेच त्याचं ओलं फडकं," ते म्हणाले. दुकानदार काउंटरवर हात ठेवून म्हणाले, "आजोबा, बरोबर बोललात."

दुकानात तीन किमतींचे पंप होते. 650 रुपयांचा, खोक्याशिवाय, फक्त पारदर्शक पिशवीत. मधला एक. आणि 1,850चा, सीलबंद. मी 1,850चा घेतला. टाकीत आत राहणारी वस्तू, जी बदलायला अर्धा दिवस आणि घरातले सगळे विस्तव विझवावे लागतात, तिथे हजार रुपये वाचवण्यात मला अर्थ दिसला नाही. लांबी, वरच्या तोंडाची जाडी, कपलर आणि दाब, चारही जुन्याशी जुळवून पाहिले. नवी जाळी 180, टाकीच्या तोंडाची रबरी रिंग 220. आणि पंपापासून झाकणीपर्यंतचा नऊ इंची पाइप.

या पाइपवर थोडं थांबते. दुकानात पेट्रोलचा साधा पाइप मीटरवर मिळतो आणि तो कापून लावायची पद्धत आहे. पण तो पाइप आतून पेट्रोल सोसायला बनवलेला असतो, बाहेरून पेट्रोलमध्ये बुडून राहायला नाही. टाकीत बुडवला तर काही महिन्यांत फुगतो, मऊ पडतो आणि एक दिवस क्लिपमधून निसटतो. टाकीच्या आतल्यासाठी वेगळा पाइप येतो, त्याच्यावर एसएई जे30आर10 असं छापलेलं असतं. पहिल्या दोन दुकानांत तो नव्हता. इथे होता, नऊ इंचांना 210 रुपये घेतले. दिसायला दोन्ही पाइप काळेच.

परतीच्या एसटीत आप्पा खिडकीशी बसले होते, पंपाचं खोकं मांडीवर.

शनिवारी सकाळी पुन्हा तीच तयारी, तेच सगळे विस्तव बंद. बसवण्याचं काम सोपं होतं, फक्त दोन ठिकाणी हात थांबला. एक, मोटारीच्या दोन तारा. उलट जोडल्या तर मोटार उलटी फिरते, आवाज बरोबर येतो आणि दाब मात्र शून्य. काढतानाच मी लाल तारेला दोरा बांधून ठेवला होता. दुसरं, आप्पा म्हणाले नवा पंप बसवण्याआधी बॅटरीला लावून एकदा फिरवून बघू. डिझेलच्या वर्कशॉपमध्ये प्रत्येक वस्तू आधी टेबलावर तपासायची सवय. मी नको म्हटलं. कोरडा फिरवला तर त्याचे ब्रश आणि बेअरिंग पहिल्याच मिनिटात घासणार, आणि उघड्यावर ठिणगीही नको. थोडा वेळ ते गप्प राहिले. मग म्हणाले, "कूलंटशिवाय इंजिन नाही चालवत आपण. बरोबर आहे तुझं."

नवी रबरी रिंग टाकीच्या तोंडावर कोरडी बसवली, सांगाडा तिरपा करून आत सोडला, खडूच्या रेघा जुळवल्या. आता झाकणी खाली दाबून धरायला एक माणूस आणि प्लास्टिकची रिंग फिरवायला दुसरा लागतो. आप्पांनी दोन्ही तळहातांनी दाबली, मी फिरवली. टाकीत दहा लिटर ताजं पेट्रोल ओतलं. पाइप टक्‌ असा आवाज येईपर्यंत लावला आणि ओढून पाहिला. कपलर. बॅटरी.

चावी ऑन. सूंऽऽ.

किती दिवसांनी ऐकला तो आवाज! लगेच सेल मारला नाही. चार वेळा चावी ऑन-ऑफ केली, म्हणजे रिकाम्या पाइपमध्ये पेट्रोल भरतं. आप्पा म्हणाले, "हे आमचं प्रायमिंगच की." डिझेलच्या गाडीला हवा लागली की ते हाताने पंप मारून हवा काढायचे, तेच काम इथे चावी करत होती. पाचव्या वेळी सेल मारला आणि इंजिन पकडलं.

पण पेट्रोलचा काटा जागचा हलला नाही. दहा लिटर आत आणि काटा तळाला. म्हणजे सांगाडा घालताना फ्लोटची तार नव्या पाइपमागे अडकली होती. नवा पाइप जुन्यापेक्षा बोटभर लांब कापला गेला होता, ती माझी चूक. पुन्हा बॅटरी काढली, दाब सोडला, रिंग उघडली, पाइप बोटभर कापला, तार मोकळी केली, वरखाली हलवून पाहिली. आणि बंद करायला गेलो तर टाकीची रबरी रिंग बसेना. तासाभरापूर्वी नीट बसलेली रिंग आता खोबणीपेक्षा मोठी झालेली, एका बाजूने बसवली की दुसरीकडे उचलली जाई. पेट्रोल पिऊन रबर फुगलं होतं.

जोर लावून बसवता आली असती, पण मग ती कुठेतरी दुमडली असती आणि पुढे प्रत्येक वेळी टाकी फुल केल्यावर सीटखाली पेट्रोल झिरपलं असतं. आप्पांनी ती पुसली आणि सावलीत दोरीवर अडकवली. टाकीवर जुनी रिंग घालून झाकणी नुसती बंद केली. दुसऱ्या दिवशी सकाळी रबर पुन्हा आपल्या मापाला आलं होतं आणि खोबणीत अलगद बसलं. कोणी हे काम करणार असेल तर एक रिंग जास्तीची घेऊन ठेवा, आमच्यासारखी रात्र वाट पाहावी लागणार नाही.

रिंग बसवून गाडी सुरू केली, काटा पावपर्यंत आला. पंधरा मिनिटं इंजिन चालू ठेवून टिश्यू पेपर झाकणीच्या कडेने आणि पाइपच्या जोडाला फिरवला. कोरडा. काचा उघड्या ठेवून गाडी रात्रभर तशीच अंगणात ठेवली, तेव्हा कुठे आतला वास गेला. सोमवारी संध्याकाळी आईने तुळशीपुढे दिवा लावला.

जुन्या मोटारीचं काय झालं तेही सांगते. पंधरा दिवस गच्चीवर ठेवल्यावर आप्पांनी ती हॅकसॉने हळूहळू कापली. आतले दोन ब्रश मी तळहातावर घेतले. एक नखाएवढा उरला होता, दुसऱ्याचा पार तुकडाच राहिला होता, तोही तिरपा झिजलेला. ब्रश ज्यावर घासतात त्या कम्युटेटरचा पृष्ठभाग नवा असताना सपाट असतो, इथे गोल चरा पडला होता, बोट फिरवलं की नख अडकत होतं. चऱ्याभोवतीचा भाग निळसर-काळा, तापलेल्या तव्याच्या बुडासारखा. हातात धरून पाहिलं तेव्हा कळलं की हे काही एका दिवसात झालेलं नाही. तीन वर्षं मी डॅशबोर्डवरचा तो पिवळा दिवा पाहत होते.

आता टाकीत निदान दहा लिटर असतं, काटा पावाखाली गेला की भरते. आठवड्यातून एकदा पाच-सहा किलोमीटर पेट्रोलवर चालवते, जुनं पेट्रोल साचून राहू नये म्हणून.

पहिल्या रविवारी आप्पांना घेऊन पुण्याच्या दिशेने गेले, बोगद्यातून पलीकडे, खंडाळ्याला वळून परत. घाट सुरू होण्याआधी किटचा स्विच पेट्रोलवर टाकला. दुसऱ्या वळणावर, जिथे गाडीने दम टाकला होता तिथे, तिसऱ्या गिअरमध्ये पाय पूर्ण दाबला. आप्पांनी डॅशबोर्डवर हात ठेवला होता, इंजिनाचा ताल ऐकायची त्यांची जुनी सवय. गाडी एकसारखी चढत राहिली. सुरूरला थांबून मागची सीट उचलली, झाकणीच्या कडेने बोट फिरवलं आणि ते त्यांच्या नाकापुढे धरलं.

"कोरडं आहे," आप्पा म्हणाले. "चल, चहा घेऊ."